पडलेला स्वार

मुलांनो, न्हाणीघरात पडून पाय मोडल्यापासून आजोबा पलंगावरच आहेत. तुम्ही पाठवलेली जुनी रोमन नाणी आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी तिथेच बसून भिंगातून ओळखतो. साम्राज्याच्या उत्तरकाळातल्या या ब्राँझच्या नाण्यांवर राजाचा चेहरा बहुधा झिजलेला असतो. मागच्या बाजूचा मरणारा माणूस मात्र टिकून राहतो. तो घोड्यावरून पडलेला आहे आणि सैनिक त्याला भाला खुपसतो आहे. भोवती लॅटिनमध्ये लिहिलं आहे, सुखाचे दिवस परत आले.

नाण्याचा प्रकार ठरतो तो हा माणूस कसा पडला यावरून. त्याने घोड्याच्या मानेला मिठी मारली आहे, की हात वर करून तो दया मागतो आहे? काल मला त्याचा वर केलेला हात दिसला, आणि आम्ही दोघंही खूश झालो. त्याचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही.

तेवढ्यात शेजारच्या कुंदाताई आल्या. "अण्णा, नेमके पडलात कसे? नळ धरायचा ना. आमच्या सासऱ्यांनी धरला होता, म्हणून चार महिने तरी काढले."

आजोबांनी हात पसरून पुन्हा एकदा दाखवलं. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवावं लागतं. खाली वॉचमनही विचारतो, "पडलेल्या आजोबांकडे ना? दुसरा मजला."

ताई गेल्यावर आजोबा भिंतीकडे तोंड करून निजले. जन्मभर भूमिती शिकवली त्यांनी. रविवारी फोन कराल तेव्हा कसे पडलात हे विचारू नका. एखादं प्रमेय विचारा. येत असलं तरी विचारा.