आधी गुड मॉर्निंग, मग बाकीचं

ज्या गावाचं तोंडही पाहिलेलं नाही, त्या गावाची खडान्‌खडा माहिती सांगण्यात आमच्या बार्बाडोसवाल्या काकांचा हात धरणारा माणूस अख्ख्या यॉर्कशरमध्ये सापडायचा नाही. काका लीड्सला आमच्यापासून चौथ्या घरात राहतात. इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून पस्तीस वर्षं काढून रिटायर झालेत. माणसांना झोपवण्यात हयात गेल्यामुळे की काय, जागा माणूस दिसला की ते त्याला स्वस्थ बसू देत नाहीत. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी नुसतं पुटपुटलं, "यंदा जरा उन्हात जाऊन यावं म्हणतोय," की काका हातातली बटाटेवड्याची प्लेट खाली ठेवतात आणि "बार्बाडोस!" म्हणतात. स्पेन, ग्रीस वगैरे ठिकाणी पडतं त्याला ते ऊन समजतच नाहीत. बिचाऱ्याचं स्पेनचं बुकिंग झालेलं असलं तरी त्याला अर्धा तास कॅरिबियन बेटांचं हवापाणी ऐकूनच वडा खायला मिळतो.

त्यांच्या टिपा म्हणजे ऑपरेशनच्या आधीच्या सूचनाच. निघायच्या दोन दिवस आधी ते क्लिपबोर्ड घेऊन घरी येतात. "ॲलर्जी? चालू गोळ्या? शेवटचं कधी खाल्लं?" हा शेवटचा प्रश्न निव्वळ जुन्या सवयीचा, पण आपण मुकाट्यानं "साडेबाराला, वरणभात" असं सांगून टाकतो. मग बॅगा कार्पेटवर उघडायच्या. सनस्क्रीन आहे? "आपण मुळातले सावळे" ही सबब चालत नाही. डासांचं मलम? तिथला प्लग अमेरिकन पद्धतीचा, अडॅप्टर कुठाय? गेल्या ईस्टरला आम्ही निघालो तेव्हा आमच्या ह्यांची लष्करी छापाची हाफ पँट त्यांनी दोन बोटांनी उचलून बाहेर काढली.

"तिकडे असले कपडे घालायला कायद्यानं बंदी आहे. उतरवून घेतील."

"एअरपोर्टवरच?" ह्यांचा चेहरा पडला.

"मग काय, सॅल्यूट ठोकतील?"

समुद्रकाठच्या विषारी झाडाची टीप तर मंडळात सगळ्यांना पाठ आहे. हिरव्या, लहान सफरचंदासारखी फळं येतात. फळ खायचं नाहीच, पण पाऊस आला तर त्याच्या खाली उभंही राहायचं नाही, कारण पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यानं अंगावर फोड येतात. काकांनी हे इतकं रंगवून सांगितलं की मंडळातलं एक जोडपं तिथे सात दिवस कुठल्याच झाडाखाली बसलं नाही. भाजून निघून परत आलं, तर काका विजयानं म्हणाले, "पण फोड आले का? नाही ना?"

सगळ्यात शेवटची टीप ते उठता उठता देतात. "दुकान असो, बस असो, कुणाचं घर असो, आधी गुड मॉर्निंग, मग बाकीचं. आपल्या लोकांना थेट कामाचं बोलायची खोड आहे. तिकडे ते उद्धटपणाचं समजतात." आणि मग खिशातून नव्हे, चक्क कोटाच्या आतून एक बरणी निघते. त्यांनी स्वतः घातलेलं लिंबाचं गोड लोणचं. ती दोन मोज्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेच्या तळाशी जायची, कस्टम्सला खरं सांगायचं, आणि तिथे सिस्टरला नेऊन द्यायची. सिस्टर म्हणजे त्यांच्या ऑपरेशन थिएटरमधली बार्बाडोसची जुनी नर्स. रिटायर होऊन ती मायदेशी गेली. काकांचं सगळं ज्ञान तिचं; सर्जनची वाट बघता बघता वीस वर्षं ऐकलेलं.

मग स्वतः का जात नाहीत? तर काका विमानाला भितात. फार वर्षांपूर्वी आईला भेटून पुण्याहून परतताना विमान असं काही हादरलं की तेव्हापासून भावंडांनीच लीड्सला यायचं असा रिवाज पडला. काकू दरवर्षी एकट्या भारतात जाऊन येतात. "कॉकपिटमध्ये कोण आहे ते आपल्याला दिसत नाही," काका म्हणतात. हजारो माणसं काकांचा चेहरा धड न बघता त्यांच्या हाती जीव देऊन झोपली, हे काकूंचं सुनावून झालंय.

तर ईस्टरला आम्ही बरणी घेऊन सिस्टरच्या दारात उभे राहिलो. ठेंगणी, ताठ, पांढऱ्याशुभ्र केसांची बाई. मी सुरू केलं, "आम्ही लीड्सहून आलोय, डॉक्टरांनी..." तिनं तळहात वर केला आणि गप्प उभी राहिली. शेवटी ह्यांनी "गुड मॉर्निंग" म्हटलं, तेव्हा ती खळखळून हसली आणि दार सताड उघडलं. एवढ्या वेळा ऐकूनही मी खोड दाखवलीच!

स्वयंपाकघराच्या खिडकीत लोणच्याच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या होत्या. धुऊन, पुसून. एकीत जायफळ, एकीत बटणं, एकीत कसल्याशा बिया.

"सगळे येतात," ती म्हणाली, "डॉक्टर तेवढे येत नाहीत. नवीन आले तेव्हा पहिला आठवडाभर कुणाकडे न बघता थेट सिरिंज भरायला लागायचे. सगळे म्हणायचे, काय हा शिष्ट! मला दिसलं, घाबरून एकच लेबल तीनतीनदा वाचायचे. मी म्हटलं, डॉक्टर, आधी गुड मॉर्निंग, मग बाकीचं." मग बरणी हातात फिरवत म्हणाली, "मी घर विकलंय. ऑगस्ट संपला की मुलीकडे कॅनडाला. पाय आता ऐकत नाहीत. त्यांना सांगा, पुढची बरणी दुसऱ्या कुणाच्या हाती नको."

लीड्सला परतल्यावर मी निरोप सांगितला. काकांनी क्लिपबोर्डवरचा कागद उलटला. मग म्हणाले, "जूनपासून वादळांचा सीझन. त्या दिवसांत मी कुणालाच पाठवत नाही."

"तुम्ही कुणाला पाठवत नाही आहात," काकू आतून म्हणाल्या. "तुम्ही जाताय. जुलैची दोन तिकिटं काढलीयेत मी."

त्यांना मँचेस्टर एअरपोर्टला सोडायला मीच गेले. अख्ख्या एम सिक्स्टी टू हायवेवर काका एक शब्द बोलले नाहीत. ते ट्रॅफिकलासुद्धा नावं ठेवत नाहीत म्हटल्यावर मलाच धडकी भरली. टर्मिनलपाशी गाडी थांबली तरी काका उतरेनात. सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरलेला.

"अहो, पेशंटला काय सांगायचात?" काकूंनी विचारलं. आवाज मऊ होता. "दहापासून उलटे मोजा."

काकांनी डोळे मिटले. आपल्या हाताखाली सातच्या पुढे कुणी मोजू शकलं नाही, अशी त्यांची जन्माची फुशारकी. दहा, नऊ, आठ, सात... सहा... करत ते एकपर्यंत पोचले, डोळे उघडले आणि हिरमुसून म्हणाले, "जागाच आहे की मी."

"मग उतरा."

आणि ते उतरले. मागे वळून न बघता आत गेले, कारण वळले असते तर परत गाडीत येऊन बसले असते.

दुसऱ्या दिवशी फोनवर त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मागे समुद्र ऐकू येत होता. "अगं, पोचलो. सिस्टर एअरपोर्टवर आली होती, काठी टेकत. मी आधी गुड मॉर्निंग म्हटलं. ते अगदी व्यवस्थित झालं. मग रडलो. संध्याकाळ होती, ते तिनंच नंतर सांगितलं."

तो मेसेज मी अजून पुसलेला नाही. सिस्टर आता कॅनडात असते, तिच्या खिडकीतली बियांची बरणी काकांच्या खिडकीत असते. मंडळात कुणी उन्हाचं नाव काढलं तर काका अजूनही वड्याची प्लेट खाली ठेवतात. आम्ही अर्ध्या तासाच्या तयारीनं बसतो. पण हल्ली ते एकच टीप देतात.

"लवकर जा," म्हणतात, आणि प्लेट पुन्हा उचलतात.