मेघनाच्या कॉम्प्युटरची घरघर

बायकोने बजावून ठेवलंय, हे चारचौघांत सांगायचं नाही. पण तुम्ही काही परके नाही, आणि चहा उकळायला अजून वेळ आहे. तेव्हा ऐका, एका पंख्याने माझी कशी वाट लावली ते. पंख्याने कसली, माझी मीच लावली.

आम्ही राहतो चारकोपला. मी रिटायर्ड फिटर. घरात मी आणि सुनंदा, दोघंच. मुलगी मेघना नोकरीसाठी जर्मनीला गेली. दोन वर्षांसाठी म्हणून गेली, आणि ती दोन वर्षं या दिवाळीला संपणार होती. सुनंदाने तिच्यासाठी कपाटातले दोन कप्पे आत्तापासूनच रिकामे करून ठेवले होते. माझे शर्ट तेव्हापासून दोरीवरच.

मेघनाने कॉलेजात असताना एकेक भाग आणून स्वतः जोडलेला कॉम्प्युटर हॉलच्या कोपऱ्यात आहे. दर रविवारी दुपारी एक वाजता आम्ही त्यावर तिला बघतो. तुम्ही म्हणाल, घरात फोन नाही का? आहेत की, दोन आहेत. पण फोनवर पोरगी दोन बोटांएवढी दिसते. मोठ्या स्क्रीनवर तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय का, तेसुद्धा सुनंदाला कळतं. आठवडाभर ती त्या एका तासाच्या जिवावर काढते. मी नाही काढत असं म्हणतो. काढतो.

भानगड अशी, की तो कॉम्प्युटर आवाज फार करायचा. सुरू केला की पाच मिनिटांत पिठाची गिरणी. आणि सुनंदाचा आवाज आधीच बारीक. मेघना तिकडून म्हणायची, "आई, मागे केवढी घरघर आहे, मला अर्धं कळतच नाही."

एका रविवारी सुनंदा तिला म्हणाली, "अगं, मालूमावशी काल देवगडला गेली." मालूमावशी म्हणजे सुनंदाची मोठी बहीण, मुलुंडला असते; देवगड त्यांचं गाव. मेघनाने ऐकलं, "मालूमावशी काल देवाघरी गेली."

पोरगी रडायलाच लागली. इकडे सुनंदाला वाटलं, पोरीला गावची आठवण आली. ती समजूत घालतेय, "रडू नको गं, तूसुद्धा जाशील एक दिवस." आता सांगा, हे ऐकून तिकडे काय झालं असेल?

तासाभरात मुलुंडला नातेवाइकांचे फोन. मालूमावशीच्या मुलाने मला फोन करून विचारलं, "काका, आमची आई इथून एसटीत बसली, आज सकाळी पोचल्याचा फोन आला, मग गेली कधी?" मालूमावशीने तर सुनंदाशी आठवडाभर अबोला धरला.

तेव्हा ठरवलं, हा आवाज बंद करायचा. यंत्राचा आवाज म्हणजे आपला विषय. डबा उघडला, तर आत मुख्य चिपवर एक छोटा पंखा, आणि त्याखालच्या जाळीत धुळीचा नुसता गादीसारखा थर. घरघर तिथूनच येत होती. मेघनाला विचारायचं नाही असं पक्कं केलं. तिला चकित करायचं होतं ना.

इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये परबांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. परब पन्नाशीचे, शांत माणूस. त्यांना म्हटलं, "मला असा पंखा द्या की त्याचा आवाजच येता कामा नये."

"काका, याला कूलर म्हणतात. प्रोसेसर कुठला आहे?"

"मुलीचा आहे."

परबांनी एक श्वास घेतला. मग मला घरी पाठवून आतल्या सर्किटच्या पाटीचा फोटो काढून आणायला लावला, डब्याची रुंदी मोजून आणायला लावली. तिसऱ्या फेरीला त्यांनी टेबलावर दोन कूलर ठेवले. "हा पाण्यावरचा. थंड करतो, पण त्याच्या पंपाची बारीक गुणगुण असते. आणि हा उंच जाळीचा. याचा पंखा मोठा आहे, म्हणून हळू फिरतो. लहान पंख्याला तेवढ्याच हवेसाठी भराभर पळावं लागतं, म्हणून तो ओरडतो."

मला पटलं. कारखान्यातही बोंबलणारे सगळे लहानच असायचे. उंच जाळीचा घेतला. परब म्हणाले, "बसवून देऊ?"

मी म्हटलं, "चाळीस वर्षं काय केलं मग मी?"

घरी आलो, चटई घातली, चष्मा लावला. जुना पंखा काढला, चिप पुसली, सोबत आलेली, उष्णता ओढून घेणारी पेस्ट मुगाएवढी लावली. नव्या कूलरचा तळ बघितला तर काय चकाकी, अगदी आरशासारखी. मी सुनंदाला दाखवलासुद्धा, "बघ, याला म्हणतात फिनिशिंग."

ती म्हणाली, "अहो, त्याच्या कडेला लाल अक्षरांत काहीतरी लिहिलंय. वाचा तरी."

"ते नवशिक्यांसाठी असतं."

समोरासमोरचे स्क्रू आलटूनपालटून आवळले, एकेक आटा मोजून. कॉम्प्युटर सुरू केला आणि काय सांगू, आवाजच नाही. दिवा पेटला म्हणून चालू आहे ते कळलं. मी कौतुकाची वाट बघत बसलो. सुनंदा स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"बंद केलात?"

"चालू आहे."

तिने डब्यावर हात ठेवून बघितला. मग म्हणाली, "मेघू अभ्यास करायची तेव्हा मला आत तो आवाज यायचा. वाटायचं, आहे पोरगी घरात." आणि आत निघून गेली. माझं कौतुक राहिलंच. मी मुकाट्याने कॉम्प्युटर बंद केला, रविवारपर्यंत कुणी हात लावू नये म्हणून वर टॉवेल घातला.

रविवारी एक वाजता मेघना स्क्रीनवर आली. सुनंदा बोलली, तिला सगळं कळलं. "आई, किती स्वच्छ येतंय. बाबांनी काय केलं?" मी छाती फुगवून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा बाबा, मला आधी एक सांगायचंय."

आणि तो शांत कूलर असा काही बोंबलायला लागला की जणू हॉलमधून विमान उडतंय. मग खट. स्क्रीन काळी.

परत सुरू केला. मेघना दिसली, "ऐका ना, मी" एवढं म्हणाली, विमान, खट. तिसऱ्यांदा नुसतं तिचं कपाळ दिसलं.

सुनंदा म्हणाली, "चेहरा उतरलेला होता तिचा."

"कपाळावरून कसं कळलं?"

"आई आहे मी."

मग फोन लावला. मेघना म्हणाली, "फोनवर नाही सांगणार. बोलताना तुमचे चेहरे दिसायला हवेत मला. नीट करून घ्या, मी थांबते."

आता आली का पंचाईत? पोरगी आजारी असेल? नोकरी गेली असेल? कुणी गोरा जावई? सुनंदाने देवासमोर दिवा लावला. मी कॉम्प्युटर चादरीत गुंडाळला आणि आम्ही दोघं रिक्षात बसलो. रिक्षावाला सारखा आरशातून त्या गाठोड्याकडे बघत होता.

परबांच्या दुकानात एक गिऱ्हाईक उभं होतं. मी त्याच्यासमोरच सुरू झालो. "तुमचा माल खराब आहे. माझ्या पोरीचा चेहरा दिसेना झालाय. असला कूलर विकताना काही वाटत नाही तुम्हाला?"

परबांनी चादर सोडली. त्यांनी स्क्रू सोडवले, कूलर उचलला, तळ उजेडात धरला. मग नखाने एक कोपरा उचलला आणि त्या आरशावरून एक पातळ प्लास्टिक सरकन सोलून काढलं. दुधावरची साय काढावी तसं. माझी सगळी पेस्ट त्या प्लास्टिकला लागलेली.

"काका, हे काढून बसवायचं असतं. चिपची उष्णता प्लास्टिकमधून जाळीत जाणार कशी?"

प्लास्टिकवर तीच लाल अक्षरं होती, इंग्रजीत. सुनंदाने ते सगळ्यांदेखत मोठ्याने वाचलं. "बसवण्याआधी काढून टाका," असा मराठी अर्थही सांगितला. त्या दिवशी तिचा आवाज अजिबात बारीक नव्हता.

परबांनी नवी पेस्ट लावून कूलर बसवला, कॉम्प्युटर त्यांच्याच टेबलावर जोडला. म्हणाले, "मुलीला इथूनच लावा. खात्री होईल." दोन खुर्च्या दिल्या. ते गिऱ्हाईकही मागे उभं राहिलं.

मेघना दिसली. तिने आम्हाला दोघांना नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "मला इथे पर्मनंट केलंय. खूप मोठी गोष्ट आहे, बाबा. पण मग दिवाळीला परत येणार होते ना, ते आता नाही. अजून चार वर्षं तरी इथेच."

कूलरचा आवाज नाही. शब्द न् शब्द कानात आला.

मी म्हणालो, "काय? नीट कळलं नाही गं. मागे घरघर आहे."

परब लगेच पुढे वाकले. "काका, असं नका बोलू, गिऱ्हाईक उभं आहे. पंखा फिरतोय का तेसुद्धा वाकून बघावं लागतंय."

"बाबा, परत सांगू का?" मेघनाने विचारलं.

सुनंदा म्हणाली, "नको बाळा. पहिल्याच वेळी ऐकलंय त्यांनी."

आता अशा वेळी बापाने काय बोलावं? शाब्बास म्हणावं, पाठीवरून हात फिरवता येत नाही म्हणून निदान हात तरी हलवावा. मी म्हणालो, "बरं झालं. म्हणजे कपाटातले दोन कप्पे माझ्या शर्टांना मिळाले."

तिकडे मेघना रडायला लागली. इकडे सुनंदा. मी चष्मा पुसायला घेतला आणि पुसतच राहिलो. दुकानात दुसरा कसलाच आवाज नव्हता, तिकडचा एकेक हुंदका लख्ख ऐकू येत होता.

मागचं गिऱ्हाईक परबांना हळूच म्हणालं, "आवाज खरंच फार स्वच्छ येतो हो. मलाही हाच द्या."