जाऊन राहिली

बायकोला घरी परत आणायचं, एवढ्यासाठी मी अंदमानला गेलो. समुद्र पाहायची मला हौस नव्हती. दिवाळीनंतर ती पुण्याला मुलाकडे गेली, ती नातीची परीक्षा होईपर्यंत म्हणून. परीक्षा झाली, सुट्टी लागली, तरी परतीचं नाव नाही. मी विचारलं की फोन नातीच्या हातात द्यायची. शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, सगळे मिळून अंदमानला जाऊ. तुम्ही कोलकात्याला या, आम्ही तिथे भेटतो." मी मनात म्हटलं, बरं झालं. समोरासमोर बसून मी सौदा कधी हरलो नाही.

गोंदियाच्या बाजारात मी धानाची पोती उचलून सुरुवात केली. पुढे दलाली, मग स्वतःची राईस मिल, गावालगत मुर्रीला घर. कोणी हात दिला नाही. जे मिळवलं ते भांडून मिळवलं, आणि ज्यांच्यासाठी मिळवलं तेच आता मला पाहुण्यासारखं बोलवत होते.

बेटावर पोचलो तेव्हा ओहोटी होती. होड्या वाळूत कलंडून पडल्या होत्या. आमच्याकडचा उन्हाळा याहून कडक, पण कोरडा. इथे सदरा पाठीला चिकटून बसला तो सुटेना. काचेच्या तळाच्या होडीतून पोवळी दाखवतात म्हणून मी होडीवाल्याला भावासाठी धरलं. "आखरी बोलो," म्हटलं. तो नुसता हसला. मुलगा मागून म्हणाला, "बाबा, सोडा ना. मी मोबाईलवरून आधीच बुक केलंय."

होडीत सगळे काचेवर वाकले होते. मी बायकोकडे पाहत होतो. ती नातीला मासे दाखवत होती आणि हसत होती. घरी मी तिला असं हसताना कधी पाहिलं, ते आठवेना. राग आला.

किनाऱ्यावर उतरल्यावर ती पदर खोचून उथळ पाण्यात बसली. मी सगळ्यांसमोरच विषय काढला. "हावड्याहून दोन तिकिटं काढली हायेत, तुझं नि माझं. ठेसनावर 'जाऊन राहिली जी मी' म्हणून निघाली होती. आता येऊन कधी राहिली ते सांग."

सून पुण्याची. ती पटकन म्हणाली, "म्हणजे आईंनी तेव्हाच सांगितलं होतं ना बाबा! जाऊन राहिल्या!"

आमच्याकडे 'जाऊन राहिली' म्हणजे निघाले, एवढंच. पुण्याच्या कानाला ते 'गेली आणि तिथेच राहिली' असं ऐकू येतं. सगळे हसले. बायकोही हसली. माझं डोकं सटकलं. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. पलीकडच्या छत्रीखालची माणसं वळून पाहू लागली. नात आजीच्या मागे गेली.

"बाबा, लोक बघतायत," मुलगा म्हणाला.

"बघू दे! लोकायचं खातो का मी?"

बायको उठली. मुलाला म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे." ते गेल्यावर मी आवाज खाली आणला. "तू येऊन राहिली का नाही, एवढं सांग."

"मी येत नाहीये."

'नाही येऊन राहिली' असं नव्हे. येत नाहीये. आमच्या घरात हा शब्द असा कोणी बोलत नाही. अडखळलीसुद्धा नाही. मला वाटलं, समोर दुसऱ्याच घरची बाई उभी आहे.

मी भाव वाढवत गेलो. स्वयंपाकाला बाई ठेवतो म्हटलं. वरच्या खोलीत एसी लावतो. दर सुट्टीत तुला पुण्याला स्वतः पोचवतो. ती नाही म्हणून मान हलवत राहिली.

"गेट वाजलं की मी काचेची भांडी आत नेऊन ठेवते," ती म्हणाली. "आज कोणावर चिडून आले असतील, काय फेकतील. पुण्यात दिवसभर बेल वाजते, मी जागची हलत नाही."

"हात उचलला का मी कधी तुझ्यावर?"

"नाही," ती म्हणाली आणि पाण्याकडे पाहू लागली.

मी हात उचलला नाही, हे खरंच आहे. आवाज मोठा आहे. मिलच्या घरघरीत हळू बोलणाऱ्याचं कोण ऐकतं? त्याच आवाजावर मुलगा इंजिनियर झाला. तेव्हा तो कोणाला मोठा वाटला नाही.

उरलेले दिवस बेटं पाहण्यात गेले. एकावर नारळ, दुसऱ्यावरही नारळ. फोटोत मी कडेला आहे.

कोलकात्याच्या विमानतळावर ते पुण्याच्या रांगेकडे वळले. तिने माझ्या पिशवीत बीपीच्या गोळ्या ठेवल्या आणि म्हणाली, "कपाटातल्या सुती साड्या पाठवून द्या. उन्हाळा आहे, लागतील."

"न्यायला यावं लागेल," मी म्हटलं.

"कुरिअर होतं," ती म्हणाली.

साड्या अजून कपाटातच आहेत. ती फोनवर विचारते. मी म्हणतो, पाहतो.