घासून ठेवलेले चार ग्लास

मागच्या आठवड्यात मी दहा ग्लास परत आणायला तीन दिवसांच्या प्रवासाला गेले. कुणी विचारलं तर एवढंच सांगत होते. एसटीत शेजारी बसलेल्या आजींनी मात्र पुढचं विचारलंच. "ग्लास इसरून आली व्हतीस व्हय?"

विसरले नव्हते, मुद्दाम ठेवून आले होते. सोलापुरातल्या एका महाविद्यालयात डासांमुळे पसरणाऱ्या विषाणूंवर काम चाललंय, तिथे मी मदतनीस आहे. घरात पदवी घेतलेली मी पहिली. आई विड्या वळते, आणि "डास मोजायचे पैशे देत्यात का गं?" असं अजून मधूनमधून विचारते. देतात, थोडे.

ज्या गावाला गेले त्याचं नाव लिहीत नाही, कारण लोकांच्या घरातल्या डासांबद्दल लिहायचं आहे. पंढरपूरच्या पुढचं, साखर कारखान्याचं गाव, एवढं पुरे. सोलापूर स्थानकावरून सकाळी सातच्या आत निघालात तर बरं, नंतर गाड्यांना गर्दी होते. मोहोळमार्गे पंढरपूर, तिथे गाडी बदलायची. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे माझा जाण्याचा खर्च मोहोळच्या भज्यांहून फार जास्त झाला नाही. भजी चांगली होती. पंढरपूरनंतर वेळेचा भरवसा धरू नका. हंगाम सुरू आहे, उसाच्या ट्रॉल्यांमागे एसटी बैलगाडीच्या चालीने जाते. गाव जवळ आलं की खिडकीतून मळीचा आंबूस वास येतो. त्याची पहिल्या दिवशी शिसारी येते, दुसऱ्या दिवशी तो लक्षातही येत नाही.

ग्लासांचं सांगते. काळ्या प्लास्टिकच्या ग्लासात अर्धं पाणी घालायचं, आतल्या बाजूने जाड कापडाची पट्टी लावायची आणि सावलीत ठेवायचा. डेंग्यू, चिकुनगुन्या पसरवणाऱ्या डासाच्या मादीला अशी अंधारी, ओलसर कड आवडते. ती पाण्यात नाही, पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या अंगाला अंडी चिकटवते. पाणी आटलं तरी ती महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की उघडतात. काही अंड्यांत विषाणू आईकडूनच आलेला असतो. म्हणून बॅरल नुसता उपडा करून उपयोग नसतो, आतून घासावा लागतो.

ऊसतोडीची माणसं दरसाल लांबून ट्रॉलीत संसार घालून येतात, त्यात पाण्याचे बॅरलही असतात. बॅरलाबरोबर अंडी येतात का, हे आम्हाला पाहायचं होतं. आधीच्या आठवड्यात मी पाच ग्लास कारखान्याच्या कॉलनीत आणि पाच तोडकऱ्यांच्या तळावर ठेवून आले होते.

तेव्हा यात कुणाचा नळ अडकेल असं वाटलं नव्हतं.

मी उतरते ती शबाना सिस्टरांच्या क्वार्टरमध्ये. त्या तिथल्या दवाखान्यात नर्स आहेत. गावात लॉज नाही. कुणी जाणार असाल तर पंढरपुरात राहून ये-जा करा. दारातच त्यांनी बातमी दिली. "माने साहेबांची पोरगी डेंग्यूतून उठली परवा. आता साहेब म्हणतात, तळच हलवायचा, कॅनॉलच्या पल्याड. उद्या तुझा कागद बघून ठरवणार."

माने साहेब कॉलनीची देखभाल पाहतात. कॉलनी आणि तळ यांच्या मधोमध एक नळ आहे, रोज सकाळी तासभर चालतो. कॅनॉलपलीकडे नळ नाही. तिथे टँकर देऊ, असं म्हणत होते. तो चार-पाच दिवसांनी येणार.

दुपारी कॉलनीतले ग्लास गोळा केले. पाचपैकी चार पट्ट्यांवर अंडी होती. साध्या डोळ्यांना ती सांडलेल्या काळ्या रव्यासारखी दिसतात, भिंगाखाली लांबुळकी, चकचकीत. सगळ्यात भरलेली पट्टी माने साहेबांच्या व्हरांड्यातली निघाली, कूलरशेजारची.

मग तळावर गेले. उसाचं पाचट आणि बांबूंच्या कोप्या, म्हणजे वाकून आत जायच्या झोपड्या, रांगेने होत्या. बायका उसाच्या फडातून नुकत्याच परतलेल्या. केशरमावशी मला लांबूनच दिसल्या, हात करत होत्या. मागच्या खेपेला ग्लास कुठे ठेवायचे ते त्यांनीच दाखवलं होतं.

"या मॅडम! तुमचे गल्लास बगा कसे ठिवल्यात!"

कोपीपुढच्या दगडावर चार काळे ग्लास ओळीने उपडे घातलेले होते. चकाकत होते.

"मावशी, हे..."

"अवो, दुसऱ्याच दिशी पाण्याला वास मारायला लागला. पावणीची भांडी अशी ठिवायची व्हय? रोज राखंनं घासून ताजं पाणी भरत व्हते. आज तुमी येणार म्हनून पालते घातले." मग पोलक्यातून घडी केलेल्या चार पट्ट्या काढून माझ्या हातात दिल्या. साबणाने धुतलेल्या, वाळवलेल्या. "फडकीबी धुतली. लई मळली व्हती."

चूक माझी होती. हात लावू नका, असं सांगितलं होतं. का लावायचा नाही, ते सांगितलं नव्हतं. आणि घाण झालेलं भांडं तसंच ठेवा, असं कुणी सांगितलं तर माझ्या आईनेही ऐकलं नसतं.

"बिगडलं का काय?" त्यांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. डास, अंडी, पट्टी, उद्याचा कागद.

"आगं बया! म्या माज्याच हातानं नळ घालवला म्हन की."

"तसं नाही मावशी."

"मग कसं? बाराला फडातनं यायचं आन् कॅनॉल वलांडून पानी आनायचं? माज्या सुनंला सातवा लागलाय."

सून आत चूल पेटवत होती. तिने डोकं बाहेर काढलं. "आत्याबाई, पाचवा बी हाय नव्हं? बैलगाडीमागं टायरात?"

पाचवा ग्लास जुन्या टायरांच्या ढिगामागे होता. तिथे मावशींचा हात पोचला नव्हता. पाणी गढूळ होतं, पट्टी जागेवर होती. उन्हात धरून भिंग लावलं. एकही अंडं नसावं असं मला फार वाटत होतं, हे कबूल करते. सात ठिपके होते.

"हायती?"

"आहेत."

मग मी तळावरचे बॅरल बघितले. बहुतेक रिकामे, आतून पांढरे पडेपर्यंत घासलेले. सकाळी भरायचे, संध्याकाळपर्यंत संपवायचे, घासून उपडे घालायचे. टायर सोडले तर पाणी थांबायला जागाच नव्हती. सातही ठिपके त्या टायरांजवळचे होते.

क्वार्टरवर येऊन तक्ता भरायला बसले. तळाच्या चार रकान्यांशी पेन थांबलं. शबाना सिस्टर पाठीमागून बघत होत्या.

"शून्य लिव ना. किसको मालूम? पट्टी कोरीच तर हाय."

"धुतलेली कोरी आहे, सिस्टर."

"अगं, त्या बाईचं भलं होईल."

झालं असतंही. पण शून्याचा अर्थ, मादी आली नाही. इथे ती आली की नाही हेच मला माहीत नव्हतं. शेवटी चारही ठिकाणी आडवी रेघ मारली, म्हणजे नोंद नाही. सिस्टर म्हणाल्या, "बहुत शिकली तू," आणि भाकरी थापायला गेल्या. त्यांच्या हातची शेंगाचटणी आणि दही यांबद्दल वेगळं लिहायला हवं, पण त्या संध्याकाळी चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माने साहेबांनी व्हरांड्यातच कागद पाहिला. मुलगी आतल्या पलंगावर शहाळं पीत होती. फार अशक्त दिसत होती. त्यांचा राग मला चुकीचा वाटेना.

"ह्या रेघा कसल्या?"

मी सांगितलं. ते हसले. "म्हणजे तुमचं काम फसलं."

"तळावरचं फसलं. एक ग्लास मिळाला, त्यात अंडी आहेत."

"बघा! मी हेच म्हणत होतो."

"कॉलनीत पाचपैकी चारांत आहेत, साहेब. तुमच्या इथली पट्टी सगळ्यात भरलेली आहे."

त्यांनी कागद खाली ठेवला. मी पांढरा वाडगा मागितला आणि कूलरच्या टाकीतलं पाणी त्यात काढलं. उन्हाळ्यापासून बंद असलेला कूलर, पावसाचं पाणी साठलेलं. वाडग्यात अळ्या वळवळत होत्या. दारातून माने वहिनींनी डोकावून पाहिलं.

"दिवाळीपासनं सांगतेय, तेवढं पाणी काढा म्हणून! ह्यांना कारखान्याचं सगळं दिसतंय, घरचं तेवढं दिसत नाही."

साहेबांनी वाडग्यातून नजर काढली नाही. तसेच म्हणाले, "तरी तिकडेही आहेत ना? तळ लांब गेला तर निम्मे डास तरी कमी होतील."

"वाढतील," मी म्हणाले. ही गोष्ट मला पुस्तकाआधी घरात कळली होती. "सोलापुरात आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं. म्हणून भरून ठेवतो. भरलेला बॅरल रिकामा कोण करणार आणि घासणार कधी? माझ्या भावाला डेंग्यू झाला तो त्याच पाण्यावरून. तळावर रोज नळ येतो म्हणून रोज भांडी घासली जातात. इतकी, की माझे ग्लासही घासले. टँकरवर टाकलंत तर तळावरच्या बायकाही पाणी साठवतील. आणि तुमच्याकडची माणसं कामासाठी कॅनॉलपलीकडे तळावर रोज जाणारच. डास फार लांब उडत नाही साहेब, विषाणू माणसाबरोबर फिरतो."

"हे सगळं कागदावर नाही."

"नाही. कागदावर रेघाच आहेत."

त्यांनी वाडग्यातलं पाणी अंगणातल्या मातीत ओतलं. मग म्हणाले, "टायर उचलायला लावतो. परत ग्लास ठेवा. त्याचा निकाल येईस्तोवर तळ आहे तिथं राहू दे."

मी ग्लास परत ठेवले. या वेळी कोपीत बसून मावशींना भिंगातून सात ठिपके दाखवले. त्या म्हणाल्या, "एवढुश्शा जिवाचा एवढा कुटाना!" आणि ग्लासांपासून हात मागे बांधून उभ्या राहिल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने परतले. पंढरपुरात दीड तास गाडी नव्हती. चहा आणि बिस्किटांवर भागवलं. घरी पोचले तेव्हा पाणी यायचा दिवस होता. आई बॅरलमधल्या उरलेल्या पाण्यावर नवं सोडत होती, तिला थांबवलं. उरलेलं पाणी बादल्यांत काढलं, बॅरल आडवा केला, आत डोकं घालून घासायला लागले. "येवढी शिकवली ती ह्याच्यासाठी?" आई म्हणाली, पण राखेचा डबा तिनेच आणून दिला.

धुतलेल्या चार पट्ट्या माझ्या वहीत आहेत. प्रयोगशाळेला त्यांचा उपयोग नाही. इतकी निगुतीने केलेली चूक फेकवली मात्र नाही.

रविवारी शबाना सिस्टरांचा फोन आला. टायर गेले होते, तळ जागेवर होता. माने साहेब सकाळपासून व्हरांड्यात कूलर घासत होते. नळावर आलेल्या केशरमावशी कुंपणापाशी हंडा घेऊन थांबल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि मग न राहवून म्हणाल्या, "सायेब, आतनं घासा की. कड ऱ्हायली."