निशाण राखायला गेलेला

महाडच्या नेमणुकीतली ती मिसिंगची केस अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्या एका दिवसात जितका घाबरलो तितका क्वचितच घाबरलो असेन. आणि तेही मोबाइलवरच्या एका खेळापायी.

त्या पावसाळ्यात ‘निशाण’ नावाचा खेळ आला आणि तापाच्या साथीसारखा पसरला. फोनच्या नकाशावर खऱ्याखुऱ्या जागा दिसायच्या. देवळं, पाण्याच्या टाक्या, डोंगरमाथे. तिथं जाऊन बसलं की तुमच्या टोळीचं निशाण लागायचं. टोळीतलं कुणीतरी तिथं असेल तोवर ते टिकायचं, नसेल तर दुसरी टोळी काढून घ्यायची. जागा जितकी अडचणीची, तितका मान मोठा. औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली की पोरं घरी जायचं सोडून मोटारसायकली घेऊन डोंगराकडं, नाते गावाच्या रस्त्याला लागायची. आमच्या ठाण्यावरही निशाण लागलं होतं, आणि ते माझ्याच एका शिपायानं लावलं होतं. त्याला मी काय सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गणपती होऊन चाकरमानी मुंबईला परतले होते. एका सकाळी पोलादपूरकडच्या वाडीतली एक बाई ठाण्यात आली. तिचा मुलगा वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत कामाला होता, बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहायचा. ठाणे अंमलदारानं नेहमीसारखं सांगितलं की तरणा मुलगा आहे, गेला असेल मित्रांबरोबर. बाई हलली नाही.

“सायेब, परवापासना त्याचा फोन लागत नाय,” ती म्हणाली. “मी जेवली का नाय ते इचारल्याबिगर त्यो झोपत नाय.”

मी मिसिंग दाखल करून घ्यायला सांगितलं. आई पुष्कळ रडते तेव्हा पोलीस धीर देतो. ही रडत नव्हती, म्हणून मला धीर वाटेना. फोनचं शेवटचं लोकेशन घाटाच्या बाजूच्या टॉवरवर होतं. त्या एका टॉवरखाली अख्खी डोंगररांग येते.

दुपारच्या आत खबर मिळाली. घाटातल्या वळणावर चहाची टपरी चालवणाऱ्या बाईनं आमच्या हवालदाराला सांगितलं, परवा दोन पोरं मोटारसायकलवरून वर गेली आणि खाली एकच आला. गाडीच्या वर्णनावरून तो मुलाचा खोलीतला जोडीदार निघाला. त्याला कंपनीतून उचलून आणेपर्यंत ही बातमी मुलाच्या गावी पोचली होती. ठाण्याबाहेर माणसं जमली, त्या जोडीदाराला आमच्या ताब्यात द्या म्हणू लागली. आतला मुलगा ते सगळं ऐकत होता.

मी त्याच्यावर ओरडलो नाही. खोटं बोलणारा माणूस न विचारता भरमसाट सांगतो, असा माझा अनुभव आहे. हा एक शब्द बोलत नव्हता, नुसता घामानं भिजला होता. मी त्याच्यासमोर पाणी ठेवलं आणि पुन्हा पुन्हा एकच विचारलं, त्याला कुठं सोडलंस? शेवटी तो हुंदके देत बोलायला लागला.

“साहेब, जागा सांगता येत असती तर कधीच सांगितली असती. नकाशाच गेलाय.”

तो सोलापूरकडचा. त्याला इथले सगळे डोंगर सारखेच. त्यांच्या टोळीला घाटातली एक जागा हवी होती. खेळात तिचं नाव ‘ढगांचा बुरूज’, खरं नाव त्याला ठाऊक नाही. धुक्यात त्यानं मित्राला वळणावर उतरवलं. मित्रानं रात्रभर निशाण राखायचं आणि सकाळी यानं फोनसाठी पॉवर बँक घेऊन वर जायचं, असं ठरलं होतं. पण खेळ बनवणाऱ्यांनी त्याच संध्याकाळी तो बंद केला. सगळ्यांच्या फोनवर एका ओळीचा निरोप आला आणि नकाशा पांढरा झाला. खेळच संपला म्हटल्यावर मित्र आपला आपण उतरेल, असं समजून हा कामावर गेला. तो आला नाही तेव्हा याची पाचावर धारण बसली आणि त्यानं तोंड मिटून घेतलं.

उतरवलं ते वळण तेवढं दाखवतो म्हणाला, म्हणून त्याला घेऊन आम्ही तिथं गेलो. मुलाची आईही जीपमध्ये येऊन बसली, तिला उतर म्हणायची माझी हिंमत झाली नाही. वर ओढ्यापाशी वाट तीन वाड्यांकडं फुटते. धुकं होतं, पावसाची सर येऊन जात होती आणि अंधार पडला की शोध थांबवावा लागणार होता. दोन वाड्यांकडं मी तुकड्या पाठवल्या. तिसरी वाडी दरडीच्या भीतीनं रिकामी केलेली, तिथं जायला बंदी होती. तिथली माणसं पायथ्याला पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. त्यांना मी विचारलं, वर कुणी गेलं होतं का? सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. बंदी मोडल्याचा गुन्हा अंगावर येईल, ही भीती मला त्यांच्या तोंडावर दिसत होती. कुणावर केस करणार नाही असं मी सांगितलं, तरी कुणी बोलेना.

तेव्हा ती आई पुढं झाली आणि एका म्हाताऱ्यासमोर उभी राहिली. “बाबा, माझा पोरगा हाय वो त्यो.”

म्हातारा खाली बसला. वाडी उठली तरी ग्रामदेवतेचा दिवा त्यांनी विझू दिला नव्हता. घराघराच्या पाळीनं कुणीतरी चोरून वर जायचं आणि तिन्हीसांजेला दिवा लावून यायचं. त्या आठवड्यात पाळी म्हाताऱ्याची होती.

“मानूस नाय बघितला,” तो म्हणाला. “देवळाच्या पायरीखाली बूट व्हते. कोनी चाकरमानी गाऱ्हानं घालाया बसला असंल म्हणून मी हाक नाय मारली.”

त्या वाडीची रीतच तशी. घरात अडचण असलेला माणूस एकटा देवळात येऊन बसतो. पायताण दिसलं की दिवा लावणारा बाहेर घंटा वाजवतो, दिवा उंबऱ्यावर ठेवतो आणि आत न डोकावता परततो. ज्याचं गाऱ्हाणं, त्याचं आणि देवाचं.

मी विचारलं, बूट कसले होते? काळे, जाड, पुढून लोखंडी, म्हातारा म्हणाला. परवा होते तसेच कालही होते.

“कंपनीचे,” आई म्हणाली आणि चालायलाच लागली.

बूट पायरीखाली नीट जोडून ठेवलेले होते, त्यांत पानं पडली होती. आत बिस्किटांचा पुडा आणि बंद पडलेला फोन. खेळातला ‘ढगांचा बुरूज’ म्हणजे हेच देऊळ. देवळामागं झऱ्याकडं जाणारी पायवाट शेवाळली होती आणि शेवाळावर एक लांबलचक ओरखडा होता. मुलगा खालच्या घळीत सापडला. अनवाणी पाणी भरायला गेला आणि घसरला. मांडीचं हाड मोडलेलं, अंग बर्फासारखं गार, पण जिवंत. आई खाली उतरायला धडपडत होती, तिला दोघांनी धरून ठेवलं. मी त्याच्याशेजारी पोचलो तेव्हा त्यानं डोळे उघडले.

“सायेब, निशाण आपलंच हाय ना?”

त्याचा फोन खेळ बंद व्हायच्या आधीच बंद पडला होता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. आपलंच आहे, मी म्हणालो.

जबाबात त्यानं सांगितलं, पहिल्या संध्याकाळी घंटा ऐकून दुसरी टोळी आली असं त्याला वाटलं, म्हणून तो श्वास रोखून भिंतीला चिकटून बसला. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा घंटा वाजली तेव्हा तो घळीतून जिवाच्या आकांतानं ओरडत होता, आणि पाण्याच्या आवाजात म्हाताऱ्याला ऐकू गेलं नाही. तो लंगडत कामावर परतला तोवर बिरवाडीत कुणाच्याच फोनवर तो खेळ उरला नव्हता. विचारलं तर आपण कधी खेळलोच नाही, असं पोरं सांगायची.

त्यानंतर प्रत्येक मिसिंगमध्ये मी एक प्रश्न वाढवला. कोण दिसलं हे तर विचारायचोच, पण कुणाला बघून तुम्ही काही न विचारता पुढं गेलात, हेही विचारायचो. चांगली माणसं भिडेपोटी गप्प राहतात, आणि तपासात तीच चुप्पी सगळ्यात महाग पडते.

निवृत्त झाल्यावर एकदा मी त्या देवळात गेलो. योगायोगानं पाळी म्हाताऱ्याचीच होती. पायरीखाली फक्त माझे बूट होते आणि मी त्याच्या शेजारी उभा होतो. तरी घंटेला हात लावण्याआधी त्यानं दारात वाकून मोठ्यानं विचारलं, “आत कोन हाय का रे?” मग देवळामागं जाऊन घळीच्या काठावरून तीच हाक खाली दिली. उत्तर येत नाही याची खात्री होईपर्यंत तो थांबला, आणि मगच त्यानं दिवा लावला.