तलावावरचे दोनशे चांदवे

नागभीडच्या बाजारात माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. आता दुरुस्तीला घड्याळं येतात तरी किती, हे मला विचारू नका, डोकं फिरतं. अब्बांनी लहानपणीच डोळ्याला भिंग लावून बसवलं, त्याचा एक फायदा झाला आणि एक नुकसान. फायदा हा की केसाएवढी स्प्रिंग मला अजून चष्म्याशिवाय दिसते. नुकसान हे की दुसऱ्याची चूक लगेच दिसते, आणि दिसली की तोंडातून निघतेच. आमचं घरात बोलणं हिंदीत, बाजारात मराठीत. भांडण मात्र मी मराठीतच करतो, त्यात जास्त रंगत येते.

पक्ष्यांच्या नादाला लागलो तोही दुरुस्तीपायीच. चंद्रपूरचे एक साहेब, बँकेतून रिटायर झालेले, भिंगात बुरशी धरलेली दुर्बीण घेऊन दुकानात आले. मी ती उघडली, पुसली, परत जुळवली, आणि नीट जुळली का ते पाहायला बाहेरच्या तारेवर रोखली. तारेवर नीळकंठ बसला होता. तो उडाला तेव्हा त्याच्या पंखातला निळा रंग मला पहिल्यांदा दिसला. जन्मभर त्या तारेखालून मी ये-जा केली होती. मला आनंद-बिनंद काही झाला नाही, राग आला. एवढी वर्षं हे फुकट समोर होतं आणि कोणी सांगितलं नाही म्हणून.

साहेबांचं एक मंडळ होतं. नाताळच्या सुट्टीत हे लोक गटागटानं तलावांवर जायचे आणि थंडीत आलेले पक्षी मोजायचे. कोणाला एक पैसा मिळत नव्हता, सगळे हौसेनं यायचे. मला नजरेमुळे घेतलं. बाकी मंडळी मला आवडत होती असं नाही. टोप्या, जाकिटं, थर्मास, पक्षी दिसला की कुजबुज, आणि तो उडून गेला की त्याच्या नावावरून तासभर वाद. पण मोजणं मला जमायचं. दहा-दहाचे गठ्ठे नजरेनं करत जायचं, बोटं हलवायची नाहीत, मागं वळून परत मोजायचं नाही. तीन हिवाळे मी मोजलं आणि माझ्या आकड्यावर कोणी बोट ठेवलं नाही.

आता त्या बाईचं सांगतो, कारण तिच्याशिवाय यातलं काही घडलं नसतं.

ती जवळच्या गावची ढिवरीण. त्या गावाला मालगुजारांच्या काळचा मोठा तलाव आहे. नवरा गेल्यापासून ती स्वतःच डोंगा घेऊन पाण्यात जायची, जाळं टाकायची, आणि बाजाराच्या दिवशी मासे घेऊन नेमकी माझ्या दुकानाच्या पायरीशी बसायची. माशाचं पाणी माझ्या उंबऱ्याशी. मी तक्रार केली, तिला तिथून उठवलं. पुढच्या बाजाराला ती परत तिथंच. मी पायरीवर उभा राहून बोंबललो की गिऱ्हाईक नाक दाबून पळतं. तिनं टोपलीतून मान वर न करता विचारलं, "काऊन भाऊ, तुमच्या घडीले नाक फुटलं का?"

सगळा बाजार हसला. शेजारचा चपलांचा दुकानदार तर महिनाभर मला घड्याळाच्या नाकाची तब्येत विचारत होता. लोक विसरले असतील, मी नाही विसरलो. मला तिचा आवाज लांबून ऐकू आला तरी अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या वर्षी साहेबांनी ठरवलं की त्या तलावावर थंडीचे चार महिने जाळं बंद करायचं. जाळ्यामुळे पक्षी बसत नाहीत, अडकून मरतातही, हे त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव ठेवायचा आणि त्याला आमच्या मोजणीचा कागद जोडायचा. पक्षी भरपूर निघाले तर ठराव पास, नाहीतर कोण विचारतो. मला चांगलं माहीत होतं की पाणी उतरतं थंडीतच, मासा हाती लागतो तोही थंडीतच. ते चार महिने गेले की त्या बाईकडे दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणे करण्यापलीकडे काही उरत नव्हतं. मी साहेबांना म्हटलं, तो तलाव मोजायला मला द्या.

मोजणीच्या सकाळी धुकं होतं. पण खोटं कशाला बोलू, आंधळं करणारं नव्हतं. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभा राहिलो तर मधलं पाणी दिसत होतं. काठाला थोडी बदकं. लांब, कमळाच्या पानांपलीकडे, काळे ठिपके. चांदवा म्हणजे काळा पाणपक्षी, कपाळावर पांढरा टिळा. थव्यानं राहतो, आणि सारखा बुड्या मारतो. दिसला, गेला, परत दिसला, म्हणून मोजायला मोठा वैतागाचा पक्षी. हे ठिपके काळे होते, मधेमधे पांढरं चमकत होतं, आणि एकही बुडी मारत नव्हता. ओळीनं हलत होते, जागच्या जागी.

त्या ओळीच्या टोकाला तिचा डोंगा होता. ती वाकून जाळं सोडवत होती.

एवढं दिसल्यावर माझ्यासारख्याला कळायला किती वेळ लागतो? जाळं वर तरंगत राहावं म्हणून हे लोक जुन्या रबरी चपला कापून त्याचे तुकडे दोरीला बांधतात. एक बाजू काळी, एक बाजू पांढरी. मी दुर्बीण खाली केली, काच पुसली, परत लावली. आणि दहा-दहाचे गठ्ठे करत गेलो. मला आतून बरं वाटत होतं, हेही सांगून टाकतो. कागदावर लिहिलं: चांदवे, दोनशे. शेवटच्या रकान्यात पक्ष्यांना काय त्रास आहे ते लिहायचं असतं. तिथं लिहिलं: एक डोंगा, एक बाई, जाळं लावलेलं. खाली सही केली.

साहेब खूश झाले. कागद ग्रामपंचायतीत गेला, आणि ग्रामपंचायतीत गेलेला कागद गावात जातोच.

आठवड्यानं ती दुकानात आली. बाजाराचा दिवस नव्हता. खांद्यावर पोतं होतं, ते तिनं माझ्या काचेच्या काउंटरवर उपडं केलं. चपलांचे तुकडे, ओले, शेवाळ लागलेले. एका घड्याळाची उघडी मशीन मी तिथं मांडून ठेवली होती, ती त्याखाली गेली.

"मोजा," ती म्हणाली.

"बाई, हे काय लावलं? काम चालू आहे माझं."

"तुमचे पक्षी आनले. मोजा. कमी भरले तं अजून एक पोतं हाये घरी."

मी आवाज चढवला. म्हटलं धुकं होतं, लांब होतं, माणसाची नजर चुकते. ती ऐकून घेऊन म्हणाली, "सभेत या मंग. तिथी सांगा." आणि तुकडे तिथंच टाकून गेली. मशीनमधलं एक दात्यांचं चाक मला नंतर सापडलंच नाही.

मी साहेबांना फोन केला. चांदव्यांचा आकडा चुकला, कापून टाका म्हटलं. पूर्ण सांगितलं नाही, धुकं म्हणालो. साहेब म्हणाले, "अहो, आकडा सादर झालाय. आता मागे घेतला तर सगळ्या मंडळाचं हसं होईल. आणि हेतू तर चांगला आहे ना आपला?" त्यांचा हेतू चांगला होता, त्यांचं ठीक होतं.

ग्रामसभेत मी गेलो. न जाण्याचा विचार केला होता, पण घरी बायकोनं विचारलं की तोंड लपवून बसलात काय, आणि तिथून पुढे घरात बसणं अवघड झालं. साहेबांनी ठराव वाचला. मी उठून म्हणालो की मोजणारा मी, आणि तो चांदव्यांचा आकडा बरोबर नाही. धुक्यात जाळ्यावरचे तुकडे पक्षी वाटले.

सरपंच समजूतदार माणूस. "होते भाऊ, धुकं हाये तं चूक होते," म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. साहेब माझ्याकडे असे बघत होते जसा काही मी त्यांच्या ताटात थुंकलो. पण विषय मिटत आला होता. मला फक्त खाली बसायचं होतं.

ती मागच्या ओळीतून उठली. तिनं कागद कोणाकडून तरी वाचून घेतला होता.

"धुकं होतं, मान्य हाये. पन यायनं लिवलं हाये का एक डोंगा, एक बाई, जाळं. मी दिसली. जाळं दिसलं. मंग जाळ्यावरच्या चपलाच कशा नाई दिसल्या?"

कोणी हसलं नाही. धुकं हलतं, मधेच दाट होतं, असं काहीतरी म्हणता आलं असतं. सरपंच तर वाटच बघत होते की मी म्हणतो.

"दिसल्या होत्या," मी म्हणालो.

ठराव पडला. साहेब गाडीत बसले ते माझ्याशी एक शब्द न बोलता. मंडळानं त्या वर्षीच्या माझ्या सगळ्या मोजण्या रद्द केल्या, खऱ्या होत्या त्याही. त्या हिवाळ्यात तलावावर चांदवे खरे किती होते, हे आता कोणालाच कळणार नाही. मंडळातून त्या तलावावर मोजायला परत कोणी आलं नाही.

मी मात्र जात राहिलो, एकटाच, माझ्यापुरता. दुसऱ्या हिवाळ्यात पाळीवर उभा राहिलो तर बदकं नव्हती. चांदवे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पाणी काठापासून इतकं आत सरकलं होतं की उघड्या पडलेल्या काठावर बैल चरत होते. पाळीवरून वर चालत गेलो तेव्हा कारण दिसलं. तलावाला पाणी आणणारा नाला कोणीतरी वरच्या अंगाला ट्रकानं मुरूम टाकून बुजवला होता, आणि त्यावर सपाट जागा करून घेतली होती.

सरपंचांकडे गेलो. पक्षी नाहीत, पाणी नाही, नाला बघा म्हटलं. ते म्हणाले, "कोनते पक्षी भाऊ? नीट पाह्यले ना यावेळी?" ओट्यावर बसलेले लोक हसले. साहेबांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. तालुक्याला अर्ज दिला. तिथल्या बाबूनं माझं नाव वाचलं, मान वर करून मला पाहिलं, आणि अर्ज एका ढिगाखाली सरकवला.

परत तलावावर आलो तर ती बाई चिखलातून डोंगा पाळीकडे ओढत होती. वर्षभर आमचं बोलणं नव्हतं. मी नाल्याचं सांगितलं.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "तीन डाव जाऊन आली पंचायतीत. म्हनते, तुले मासा पाह्यजे म्हनून तू बोंबलून राह्यली. कागद आन म्हनते, मोजल्याचा."

"मी देतो लिहून."

"तुमचा?" ती थांबली. दोरी हातातच होती. "साहेबलोकाचा कागद असता तं ऐकलं असतं त्यायनं. पक्ष्याच्या नावानं का होईना, पानी राह्यलं असतं. तुमच्या कागदावर आता कोन भरोसा ठेवते भाऊ?"

ती परत ओढायला लागली. डोंगा चिखलात रुतला होता. मी चप्पल काढून खाली उतरलो आणि दुसऱ्या टोकाला हात लावला.

"सोडा," ती म्हणाली.

मी सोडलं.