पिसांचा चेंडू

गोल्फची काठी एकदाही हातात न धरता गोल्फ कोळून प्यालेला माणूस जगात एकच, आणि ते म्हणजे माझे व्याही. साताऱ्याच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात ते आणि मी, दोघंही जर्मनीत झिंडेलफिंगेनला, माझा मुलगा आणि त्यांची मुलगी यांच्या घरी होतो. बसथांब्यावर कोणीही दिसलं की त्यांचं सुरू. स्कॉटलंडचे मेंढपाळ काठीनं खडे मारायचे, सैनिक तिरंदाजी सोडून त्याच नादी लागले, म्हणून राजानं खेळावर बंदी घातली. "आणि पुढं त्याच घराण्यातला राजा काठी घेऊन मैदानात! घ्या!" मग ते इतके हसायचे की बस निघून जायची.

मुलीकडचे म्हणून त्यांनी मला कधी काम करू दिलं नाही. मी पाण्याला उठले की "विहीणबाई, बसा!" म्हणत स्वतः धावायचे. मी चौथी शिकलेली, त्यांच्यापुढं तोंडही उघडत नसे.

शेजारचे जर्मन गृहस्थ गोल्फ खेळायचे. पूर्वी चामड्यात पिसं भरून चेंडू करत, हे ऐकून ते म्हणाले, "नाइन, नाइन! नाही टिकणार, पहिल्याच फटक्याला फुटेल." व्याही इरेला पेटले. "रविवारी अंगणात सगळे जेवायला जमू तेव्हा चेंडू आणतो. फुटला तर पुन्हा गोल्फचं नाव काढणार नाही."

त्यांनी लेकीची जुनी चामड्याची पर्स कापली, उशी फोडली, पिसं उकळली. पण टाके बाहेरून घातलेले, प्रत्येक फटीतून पीस डोकावत होतं. गुरुवारी ते चेंडू हातात घेऊन गप्प बसले. व्याही गप्प! आजोबा आजारी आहेत का, असं नातीनं जर्मनमध्ये विचारलं.

मला राहवेना. "उशीचा अभ्रा उलटा शिवून सुलटा करतात, तसं करा की."

ते ताडकन उठले. "अहो, जुने कारागीर हेच करायचे! मी वाचलं होतं!" मग अडखळत म्हणाले, "विहीणबाई, शिवाल?"

त्यांनी मला सांगितलेलं तेवढं एकच काम. ओलं चामडं उलटं शिवलं, बोटभर फटीतून सुलटं केलं, पळीच्या दांड्यानं ओली पिसं ठासली आणि तोंड शिवून टाकलं. वाळल्यावर चेंडू दगडासारखा झाला.

रविवारी शेजारच्या गृहस्थांनी काठी फिरवली. चेंडू कुंपणावरून पलीकडच्या गवतात गेला आणि अख्खा सापडला. ते व्याह्यांचा हात धरून हलवू लागले. व्याह्यांनी हात सोडवून माझ्याकडे दाखवलं. "मी नुसता बोललो. केला ह्यांनी." टाळ्या वाजल्या. एरवी मी आत पळाले असते. त्या दिवशी उभी राहिले.

व्याही आता नाहीत. चेंडू माझ्या कपाटात साड्यांखाली आहे, अजून एक टाका उसवलेला नाही. घरात पाण्याला उठते, तर कोणी बसा म्हणत नाही.